दवंडीपासून संकेतस्थळापर्यंत : भोर-वेल्ह्यातील सरकारी माहितीची वाटचाल

दवंडी हा शब्द आजच्या विद्यार्थ्यांनी फार तर पाठ्यपुस्तकात वाचला असेल. परंतु भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतील जुन्या माणसांना विचारावे. हलगीचा ठोका आणि त्यामागून येणारी 'ऐका हो ऐका' ही आरोळी त्यांच्या कानांत अजून ताजी आहे. शेतसारा भरण्याची मुदत, एखादा लिलाव, गावात येणारे लस टोचणारे पथक, जे काही सरकारला रयतेस कळवायचे असे ते या आवाजातून कळे. हे काम पूर्वी गावच्या महार वतनदाराकडे असे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली आणि पुढे ते पगारी कोतवालाकडे राहिले.

दवंडीचा एक गुण आपण सहसा ध्यानात घेत नाही. ती समजण्यासाठी अक्षरओळख लागत नसे आणि डोळेही लागत नसत. ओसरीवर पडून असलेल्या म्हातारीला, मोतीबिंदूने दृष्टी गेलेल्या आजोबांना, कधी शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला, सर्वांना बातमी एकाच वेळी मिळे. बहिऱ्या माणसाला मात्र दवंडीचा उपयोग शून्य. पुढे चावडीवर फळा आला, त्यावर नोटिसा चिकटू लागल्या, आणि न्याय उलटा झाला. आता बहिऱ्याला वाचता येऊ लागले, पण आंधळा आणि निरक्षर मागे पडले. सरकारने बातमी देण्याचे साधन बदलले की काही माणसे नव्याने आत येतात आणि काही नकळत बाहेर जातात, ही गोष्ट या दोन तालुक्यांच्या इतिहासात पुनःपुन्हा दिसते. प्रस्तुत लेखात तिचाच माग काढावयाचा आहे, कारण आज सरकारची चावडी संगणकात गेली आहे.

भोर हे पंतसचिवांचे संस्थान. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळाले, त्या घराण्याकडे हा मुलूख १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत राहिला. शेजारच्या वेल्हे तालुक्यात, ज्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले येतात. या मावळपट्टीचा जुना कारभार मोडी लिपीत चाले. मोडी ही भरभर लिहिण्याची लिपी. ती वाचणारा म्हणजे कुलकर्णी किंवा दरबारचा कारकून. शेतकऱ्याच्या हातात वतनाचा कागद असे, पण त्यात काय लिहिले आहे हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे. वाचणाऱ्याने एखादी ओळ गाळली तर ती गाळली गेली हे कळण्याचा मार्ग नव्हता. छापखान्याबरोबर बाळबोध लिपी सर्वत्र झाली, आणि आज मोडीची अवस्था अशी आहे की पुण्याच्या पुरालेखागारातील लक्षावधी मोडी कागद पदवीधर माणसालाही वाचता येत नाहीत. कागद आहे, तो आपल्याच भाषेत आहे, आणि तरी आपल्यासाठी तो मुका आहे! हा दाखला वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे संगणकाच्या संदर्भात तो पुन्हा येणार आहे.

अंध माणसाला स्वतः वाचता यावे ही धडपड मात्र फार जुनी आहे. चौदाव्या शतकात सफदी या ग्रंथकाराने नामवंत अंध व्यक्तींचा एक चरित्रकोशच अरबीत लिहून ठेवला. त्यात जैनुद्दीन आमिदी या बगदादच्या अंध विद्वानाची हकिकत येते. हा गृहस्थ पुस्तकांचा व्यापारही करी. पुस्तकाची किंमत पुढे आठवावी म्हणून तो कागदाची बारीक वळी करून तिला अक्षराचा आकार देई आणि ती पुस्तकाच्या आत चिकटवून ठेवी. बोट फिरवले की किंमत कळे. त्यानंतर काही शतकांनी, १८२९ मध्ये, लुई ब्रेल या फ्रेंच तरुणाने सहा टिंबांची लिपी प्रसिद्ध केली. भारतात ती निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या रूपांत आली आणि १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' ठरली. मराठी ब्रेल तीच.

परंतु ब्रेलची पुस्तके जाडजूड, महाग आणि थोडी. म्हणून बहुतेक अंध विद्वानांचे शिक्षण दुसऱ्याच्या आवाजावरच अवलंबून राहिले. इजिप्तचे ताहा हुसेन यांचे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांनी जरूर अभ्यासावे. १८८९ मध्ये जन्म, अगदी लहानपणी दृष्टी गेली, १९१४ मध्ये त्यांनी कैरोच्या नव्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, आणि प्रबंधाचा विषय होता अबुल अला अल-मअर्री, जो स्वतः अंध कवी होता! १९५० मध्ये ते देशाचे शिक्षणमंत्री झाले. एवढ्या मोठ्या माणसालाही आयुष्यभर त्यांच्या पत्नी सुझान आणि इतर वाचक पुस्तके वाचून दाखवीत. ज्याच्याजवळ वाचून दाखवणारे कोणी नाही त्याने काय करावे, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर यंत्राने दिले. मौज अशी की यंत्रांचा आणि अपंगांचा संबंध सुरुवातीपासूनचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इटलीत तुर्री नावाच्या माणसाने टंकलेखन यंत्राचा एक आद्य नमुना केला, तो एका अंध स्त्रीला पत्रे लिहिता यावीत म्हणून. दूरध्वनी शोधणारे बेल बहिऱ्या मुलांचे शिक्षक होते. १९७६ मध्ये अमेरिकेत रे कुर्झवील यांनी छापील पान पाहून ते मोठ्याने वाचणारे यंत्र जगापुढे ठेवले. त्यानंतर संगणकाच्या पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली आली, तिला स्क्रीन रीडर म्हणतात. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर लिहावयास घेतला. तो फुकट मिळतो आणि मराठीही बोलतो. २००९ पासून मोबाइल फोनमध्येही अशी सोय येऊ लागली. अँड्रॉइड फोनवरील तिचे नाव टॉकबॅक. आपल्या घरातील साध्या फोनमध्येही बहुधा ती आहे, फक्त चालू करावी लागते.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. मजकूर एकदा संगणकात खऱ्या अक्षरांच्या रूपाने गेला की तोच मजकूर डोळसाला दिसतो, अंधाला ऐकू येतो, ब्रेलच्या उठावदार टिंबांत बोटाला लागतो, आणि म्हाताऱ्याला हव्या तेवढ्या मोठ्या अक्षरांत वाचता येतो. दवंडीने बहिऱ्याला वगळले, फळ्याने आंधळ्याला वगळले, मोडीने जवळजवळ सर्वांनाच वगळले. संकेतस्थळ हे सरकारी माहितीचे पहिले असे साधन आहे की ज्याने कोणालाही वगळण्याचे कारण नाही.

मग वगळले का जाते? याचे उत्तर यंत्रात सापडत नाही. ते करणाऱ्याच्या सवयीत आहे. आणि मराठीच्या बाबतीत तर त्याला एक स्वतंत्र इतिहासच आहे. तो थोडा विस्ताराने सांगतो.

संगणक प्रथम इंग्रजी शिकून आला. त्याला मराठी शिकवण्याचे मोठे काम आपल्या पुणे शहरातच झाले. १९८८ मध्ये येथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरले, आणि त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरी होती. परंतु छापखान्यांना आणि कचेऱ्यांना घाई होती. त्यांनी एक सोपी युक्ती वापरली. इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसवायचे. संगणकाच्या दृष्टीने तेथे इंग्रजी अक्षर आणि विरामचिन्हांची सरमिसळ असे, पण पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसे. डोळ्यांचे समाधान झाले आणि वर्षानुवर्षे परिपत्रके, नियमावल्या, याद्या अशाच टंकांत लिहिल्या गेल्या. आता असे परिपत्रक स्क्रीन रीडरपुढे ठेवा. 'शाळा' हा शब्द त्याला दिसतच नाही. तो त्याजागी अर्थहीन इंग्रजी अक्षरे उच्चारू लागतो. डोळसापुढे मराठी आणि अंधापुढे बडबड!

युनिकोडचा वापर वाढला तसा हा दोष कमी होत गेला, पण दुसरा शिल्लक राहिला. कचेरीत पत्र टंकले जाते, त्याची छापील प्रत काढतात, त्यावर सही आणि शिक्का मारतात, मग त्या कागदाचा फोटो काढून पीडीएफ करतात आणि ती संकेतस्थळावर चढवतात. म्हणजे जो मजकूर मुळात बोलका होता त्याला मुका करून लोकांपुढे ठेवायचा. तो मजकूर नव्हे, मजकुराचे चित्र. मोडी कागदाची आठवण येथेच होते. फरक इतकाच की मोडी लिहिणाऱ्याकडे दुसरा इलाज नव्हता.

बाकीच्या अडचणी लहान वाटतात, पण वाट अडवतात. चित्राखाली त्याचे वर्णन लिहिलेले नसणे. अर्जातील रकान्याला नाव नसणे, त्यामुळे येथे नाव लिहायचे की गाव हे ऐकणाऱ्याला न कळणे. 'तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा' म्हणून दिलेली वेडीवाकडी अक्षरे, ज्यांना कॅप्चा म्हणतात. ती मुद्दाम अशी काढलेली असतात की यंत्राला वाचता येऊ नयेत, आणि अंध माणूस तर यंत्राच्याच कानाने वाचत असतो. वृद्धांच्या तक्रारी वेगळ्या. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे. बोट थरथरते आणि बटण इवलेसे. ओटीपी शोधून चष्मा लावून टाकेपर्यंत मुदत संपते आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून.

यावर उपाय काय ते ठाऊक नाही असे मुळीच नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली; त्याचे नियमन करणाऱ्या संस्थेने १९९७ मध्ये सुगम्यतेसाठी स्वतंत्र विभाग काढला आणि १९९९ मध्ये नियम प्रसिद्ध केले. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांचे सार चार कसोट्यांत आले : मजकूर इंद्रियांना जाणवावा, हाताळता यावा, समजावा, आणि कोणत्याही साधनावर टिकावा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान साडेचारास एक असावे, अक्षरे दुप्पट मोठी केली तरी पान मोडू नये, इतक्या बारकाव्याने ते लिहिलेले आहे. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकच्या वेळी ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थाने स्पर्धेचे संकेतस्थळ आपल्याला वाचता येत नाही म्हणून मानवी हक्क आयोगाकडे दाद मागितली. आयोजकांनी खर्चाचे मोठमोठे आकडे पुढे केले. आयोगाने ते मानले नाहीत, आणि शेवटी मॅग्वायर यांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई मिळाली.

आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये निघाली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. त्याआधीच, २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात, ज्याला दिसत वा ऐकू येत नाही अशा अर्जदाराला अभिलेख पाहण्यासाठी अधिकाऱ्याने साहाय्य द्यावे असे कलम ७ मध्ये लिहिले गेले होते. संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांविषयीचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला आणि त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. अपंग म्हणावे की दिव्यांग यावर आपल्याकडे जितकी चर्चा झाली तितकी या कायद्याच्या कलम ४२ आणि ४६ वर झाली असती तर बरे झाले असते. त्यांत इलेक्ट्रॉनिक माहिती सर्वांना वापरता येईल अशी असावी, आणि सेवा देणाऱ्या सरकारी व खाजगी संस्थांनी नियम निघाल्यापासून दोन वर्षांत त्याप्रमाणे बदल करावा असे सांगितले आहे. नियम जून २०१७ चे. मुदत केव्हाच उलटली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले की कायदा सक्ती सांगतो आणि नियम मात्र केवळ शिफारशीच्या भाषेत बोलतो. तो नियम न्यायालयाने कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके करण्यास सरकारला सांगितले. पुढे ३० एप्रिल २०२५ चा निकाल तर प्रत्येक घरात माहीत असावा. अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या स्त्रियांनी तक्रार केली होती की बँकेच्या ओळख-तपासणीत डोळ्यांची उघडझाप करून दाखवावी लागते, ती आपण कशी करावी? त्याचबरोबर एका अंध नागरिकाची याचिकाही होती. न्यायालयाने निर्णय दिला की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

आता हे सर्व भोर-वेल्ह्याच्या डोंगरात आणून पाहू. वेल्हे हा पुणे जिल्ह्यातील सर्वांत कमी लोकवस्तीचा तालुका. वाड्या-वस्त्या धरणांच्या पाण्यापलीकडे, कड्यांच्या पोटाशी विखुरलेल्या. तरुण मंडळी पुण्या-मुंबईला, आणि घरी राहतात ती वडीलधारी माणसे. म्हणजे ज्यांना संकेतस्थळ वापरणे अवघड, नेमकी तीच कचेरीपासून सर्वांत दूर राहतात. ज्याला हेलपाटा जड जातो त्यालाच घरबसल्या कामाची खरी गरज असते. सातबारा, दाखले, निराधार आणि श्रावणबाळ योजनांचे अर्ज, पेन्शनरांचा २०१४ पासून सुरू झालेला डिजिटल हयातीचा दाखला, सर्व आता संगणकावर. रोपे लावून आणि दगड उचलून बोटांवरील ठसे झिजलेले असतात, ते यंत्राला उमटत नाहीत, ही कथा खेड्यात घरोघरची. आणखी एक विसंगती पाहा. १ जून २०२१ पासून अपंगत्वाचा दाखला केवळ यूडीआयडी या पोर्टलमार्फतच मिळतो. आपल्याला दिसत नाही हे सिद्ध करण्याचा अर्जही प्रथम पडद्यावरच भरावयाचा!

मग लोक काय करतात? सेवा केंद्रात जातात आणि तेथील मुलाकडून अर्ज भरून घेतात. तो मुलगा बहुधा सज्जनच असतो. पण खात्याचा क्रमांक, आजाराचे नाव, फोनवर आलेला ओटीपी, सारे त्याला सांगावे लागते. कुलकर्ण्याकडून मोडी कागद वाचून घेणाऱ्या शेतकऱ्याचीच ही गत झाली.

शिष्यवृत्तीचेही तेच. अल्पसंख्याक मुलांसाठी २००८ मध्ये सुरू झालेली केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती प्रथम शाळेमार्फत कागदावर भरली जाई. पुढे राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल आले. २०२२ मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांना तीतून वगळण्यात आले, तो विषय निराळा. अपंग विद्यार्थ्यांच्या केंद्रीय शिष्यवृत्त्याही याच पोर्टलवर असतात. एखाद्या घरात वडील अंध आणि आई निरक्षर असेल तर दहावीचे पोर स्वतःच अर्ज भरते, आणि एका रकान्याच्या चुकीने वर्ष वाया गेले तरी घरात विचारणारे कोणी नसते.

माहिती वेळेवर न पोहोचण्याची किंमत या तालुक्याइतकी कोणाला ठाऊक असेल? १२ जुलै १९६१ रोजी सकाळी वेल्हे तालुक्यातील पानशेतचे धरण फुटले. रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते. खाली पुण्यात मात्र असंख्य लोकांना पाणी दाराशी आल्यावरच कळले. २०२३ मध्ये केंद्र सरकारने फोनवर धोक्याचा इशारा देण्याची चाचणी देशभर घेतली तेव्हा फोन एकदम मोठ्याने वाजला, थरथरला आणि पडद्यावर मजकूरही आला. कान, स्पर्श आणि डोळा, तिन्हींची सोय एकाच संदेशात! सरकारच्या हातून असे काम होऊ शकते याचा हा पुरावाच म्हणावा.

दुसरा पुरावा महसूल खात्याचा आहे. सातबारा संगणकावर चढवताना ठिकठिकाणी चुका राहिल्या होत्या. त्या काढण्यासाठी २०१७ मध्ये चावडीवाचनाची मोहीम झाली. गावकऱ्यांना चावडीवर जमवून संगणकातील नोंदी मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि ज्याची हरकत असेल त्याने ती तेथेच सांगायची, अशी ती पद्धत. संगणकात काय लिहिले आहे हे लोकांना कळावे म्हणून सरकारला पुन्हा जुन्या आवाजाकडे वळावे लागले. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. ज्या आजोबांना अक्षर दिसत नव्हते तेही त्या चावडीवर आपल्या बांधाची हरकत घेऊ शकत होते. जे चावडीवर एकदा झाले ते प्रत्येक संकेतस्थळावर रोज करण्यास यंत्र तयार आहे. त्याला फक्त चित्राऐवजी अक्षरे द्यावी लागतात.

विद्यार्थ्यांना एक प्रयोग सुचवतो. संगणकाचा माउस बाजूला ठेवावा आणि कोणतेही सरकारी संकेतस्थळ केवळ टॅबच्या बटणाने चालवून पाहावे. अर्ज शेवटपर्यंत भरता येतो का? मग फोनवर टॉकबॅक चालू करून, पडदा झाकून, तेच पान ऐकावे. जेथे अडेल ते ठिकाण, पानाचे नाव आणि दिनांक वहीत टिपून ठेवावा. परिपत्रकातील एखादी ओळ बोटाने निवडता येते का हेही पाहावे. येत नसेल तर ते चित्र आहे असे समजावे. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्या हाती फोन देऊन, स्वतः काही न बोलता, शेजारी बसून पाहावे.

पालकांनी हे टिपण वाया जाऊ देऊ नये. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र खाते काढले आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांची कचेरी पुण्यातच आहे. २०१६ च्या कायद्याखाली हक्क डावलल्याची तक्रार त्यांच्याकडे करता येते. भोरच्या एस. टी. स्थानकावरून पुण्याची गाडी दिवसभर मिळते. पोस्टाने पाठवली तरी चालते.